आडनाव सैल, माहेर पक्के

क्युबेकमध्ये घराण्याचा मागोवा घ्यायला निघालेल्या नवख्या माणसाला तिथले जाणकार पहिल्याच भेटीत बजावतात, की जन्माच्या नोंदींमागे धावू नका, लग्ने शोधा. मला हा सल्ला मॉन्ट्रियलमधल्या ‘सोसिएते जेनेआलोजिक कानादिएन-फ्रांसेझ’ या संस्थेच्या वाचनालयात मिळाला. आर्शांज गोदबू या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १९४३ साली स्थापन केलेल्या या संस्थेचे काम आजही मुख्यतः हौशी अभ्यासकांच्या आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालते. त्या दिवशी मदतीला बसलेल्या निवृत्त बाईंनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “यजमानांच्या आडनावावर फार विसंबू नका, ते वाटेत कुठेही बदललेले निघेल. प्रत्येक पिढीत बायकोचे नाव धरून ठेवा.” कुलवृत्तांताच्या वातावरणात वाढलेल्या माझ्यासारखीला हा सल्ला उलटाच वाटला.

या शोधाचे निमित्त आमच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचे होते. माझे माहेर सातारा जिल्ह्यातले. संपादक मंडळाने पाठवलेल्या माहितीपत्रकात लेकीच्या नावापुढे जावयाचे आडनाव आणि त्यांचे मूळ गाव लिहायचे होते. माझा नवरा लोरांजे आडनावाचा, मॉन्ट्रियलचा. पण मॉन्ट्रियल हे त्याच्या घराण्याचे मूळ गाव नव्हे, एवढे त्याला माहीत होते आणि त्यापलीकडे काहीच माहीत नव्हते. सासरे हयात नाहीत. सासूबाईंकडे एका पत्र्याच्या डब्यात काही दाखले, मृत्युवार्तांची कात्रणे आणि पहिल्या कम्युनियन या कॅथलिक विधीच्या वेळी वाटलेली छापील चित्रे होती. तिथूनच सुरुवात करणे भाग होते, कारण क्युबेकमध्ये साधारण शंभर वर्षांच्या आतल्या नोंदी सर्वांना खुल्या नसतात आणि तेवढ्या काळाची वाट घरातल्या कागदांवरूनच काढावी लागते.

त्या डब्यातून पहिला उलगडा झाला तो नवऱ्याच्या स्वतःच्या नावाचा. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर त्याचे पहिले नाव ‘जोसेफ’ होते, जे त्याला आयुष्यात कोणी हाकेला वापरलेले नाही. त्याच्या वडिलांच्या आणि दोन्ही काकांच्या दाखल्यांवरही ‘जोसेफ’च होते. फ्रेंच कॅनडातल्या कॅथलिक घरांत मुलाच्या नावाआधी जोसेफ आणि मुलीच्या नावाआधी मारी लावण्याची रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सर्रास होती. त्यानंतर बहुधा धर्मपित्याचे किंवा धर्ममातेचे नाव यायचे आणि मग हाक मारायचे नाव. त्यामुळे नोंदवहीत नुसते पहिले नाव पाहून माणूस ओळखू गेलात, तर निम्मे गाव जोसेफ आणि उरलेले मारी निघते. त्यातच आधीचे मूल दगावले असेल, तर पुढच्या मुलाला तेच नाव देण्याचीही चाल होती. एका घरात मला काही वर्षांच्या अंतराने एकाच नावाच्या तीन मुलांचे बाप्तिस्मे आणि त्यांतल्या दोघांच्या दफननोंदी सापडल्या. पहिल्याचा बाप्तिस्मा जन्मताच सुईणीने घाईघाईत उरकला होता, कारण मूल जगण्याची आशा नव्हती. धर्मगुरूंनी नंतर वहीत ते तसे नोंदवले आहे. जन्माच्या नोंदींमागे धावू नका असे का सांगतात, ते ही पाने वाचताना पटले.

या नोंदवह्या एवढ्या सलग का आहेत, हे थोडे सांगायला हवे. १५३९ आणि १५७९ च्या राजाज्ञांनी फ्रान्समधल्या धर्मगुरूंवर बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने लिहून ठेवण्याची जबाबदारी आली, तीच रीत नव्या फ्रान्समध्येही, म्हणजे इथल्या फ्रेंच वसाहतीतही आली. क्युबेक शहरातल्या चर्चला १६४० साली आग लागून तिथल्या सुरुवातीच्या वह्या जळाल्या, तेव्हा लोकांच्या आठवणींवरून त्या पुन्हा लिहून काढण्यात आल्या. पुढे १६६७ च्या आज्ञेनुसार प्रत्येक वहीच्या दोन प्रती करून एक चर्चमध्ये ठेवायची आणि दुसरी न्यायालयाकडे द्यायची असे ठरले. सत्ता इंग्रजांकडे गेल्यावरही ही व्यवस्था मोडली नाही. १९९३ संपेपर्यंत क्युबेकमध्ये चर्चची वही हीच सरकारी नोंद मानली जात होती. विसाव्या शतकाच्या मध्याला द्रूअँ या वंशावळी तयार करणाऱ्या संस्थेने या वह्यांची सूक्ष्मचित्रे घेतली आणि आज घरबसल्या पडद्यावर जी पाने दिसतात, ती बहुतेक त्याच चित्रांवरून आली आहेत. शिवाय मॉन्ट्रियल विद्यापीठाने १९६६ पासून चालवलेल्या लोकसंख्येच्या इतिहासाच्या प्रकल्पात जुन्या काळातल्या नोंदी कुटुंबवार जुळवून ठेवलेल्या आहेत. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत आजोबांच्या आजोबांची सही पाहून हरखून जाणाऱ्या आपल्या लोकांना या शिस्तीचा हेवा वाटावा, अशी ती आहे.

लग्नाची नोंद मोलाची का, ते एक पान नीट वाचले की कळते. धर्मगुरू तारीख आकड्यांत नव्हे तर अक्षरांत लिहितात. लागोपाठ रविवारी तीन वेळा लग्नाची घोषणा झाली आणि कोणतीही हरकत आली नाही, असे नमूद करतात. मग वराचे नाव, तो सज्ञान की अज्ञान, त्याच्या वडिलांचे नाव, आईचे माहेरच्या आडनावासह नाव आणि त्यांचा धर्मग्राम, म्हणजे ते ज्या चर्चच्या हद्दीत राहत तो परिसर, येतो; त्यानंतर वधूची तितकीच माहिती. म्हणजे एका नोंदीत दोन पिढ्यांची तीन जोडपी सापडतात आणि त्या तिन्हींतल्या बायका स्वतःच्या जन्मनावाने उभ्या असतात. वराच्या आईवडिलांची नावे हाती आली की त्या दोघांचे लग्न शोधायचे, तिथे त्यांच्या आईवडिलांची नावे मिळतात, आणि असेच वर चढत जायचे. शेवटी साक्षीदार, आणि बहुतेक वेळा वधूवरांना सही करता येत नसल्याचा उल्लेख. वर आणि वधू नात्यातले असतील, तर चर्चने किती पिढ्यांच्या अंतरासाठी सूट दिली तेही लिहिलेले असते, आणि ही सूट आमच्या घराण्यात वारंवार घ्यावी लागलेली दिसते.

नवऱ्याची पितृशाखा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विनासायास सरकली. क्युबेकमधल्या यामाशिश गावच्या एका लग्नाच्या पानावर मात्र समासात ‘लोरांजे’ आणि मजकुरात ‘रिव्हार’ असे दोन वेगळे आडनावांचे शब्द आले. वराच्या वडिलांचे नाव त्याच नोंदीत ‘रिव्हार दी लोरांजे’ असे होते. ‘दी’ म्हणजे आपल्याकडचे ‘ऊर्फ’. फ्रेंच कॅनडात घराण्याच्या मूळ आडनावापुढे असे दुसरे आडनाव जोडण्याची पद्धत दोन-अडीचशे वर्षे चालली. तिची कारणे बरीच आहेत. फ्रेंच सैन्यात शिपायाला टोपणनाव मिळत असे. १६६५ मध्ये आलेल्या कारिन्याँ-सालिएर पलटणीतले सुमारे चारशे शिपाई इथेच स्थायिक झाले आणि त्यांची लाफ्लर, लाव्हियोलेत, साँसुसी, जोलीकर अशी फुलांची आणि खुशालचेंडूपणाची नावे त्यांच्या नातवंडांची आडनावे झाली. कोणी आपल्या प्रांतावरून लांजव्हँ किंवा पिकार झाला, तर कोणी आपल्या जमिनीच्या तुकड्यावरून ओळखला जाऊ लागला. एका गावात एकाच आडनावाची भावकी वाढली की शाखा वेगळ्या ओळखता याव्यात म्हणूनही प्रत्येकाने वेगळे नाव घेतले. भटांचे पेशवे झालेले पाहिलेल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. पण तिथे एका घराण्याचे एक नवे नाव झाले, इथे एका घराण्याची डझनभर होतात.

रिव्हारांचे तसेच झाले. निकोला रिव्हार दी लाव्हीन्य आणि रोबेर रिव्हार दी लोरांजे हे भाऊ फ्रान्समधल्या पेर्श प्रांतातल्या तुरूव्र गावचे. दोघेही सेंट लॉरेन्स नदीच्या उत्तर तीरावर, त्र्वा-रिव्हिएर आणि क्युबेक या शहरांच्या दरम्यान असलेल्या बातिस्काँ येथे स्थिरावले. त्यांच्या वंशात लाव्हीन्य, लोरांजे, लानूएत, द्युफ्रेन, बेलफय, फयव्हेर्त अशी आडनावे निघाली आणि काही शाखा मात्र रिव्हारच राहिल्या. अठराव्या शतकातल्या वह्यांत एकच माणूस बाप्तिस्म्याला लोरांजे, लग्नाला रिव्हार आणि दफनाला रिव्हार दी लोरांजे असा लिहिलेला आढळतो. धर्मगुरू बदलले की लिहिण्याची तऱ्हाही बदलते. सख्ख्या भावांपैकी एकाची मुले पुढे रिव्हार आणि दुसऱ्याची लोरांजे झाल्याचे मी त्याच शाखेत पाहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘दी’ हळूहळू मावळले आणि ज्याने जो अर्धा भाग धरला तो त्याच्याकडे कायमचा राहिला. माझ्या नवऱ्याच्या कार्यालयातले एक लानूएत आडनावाचे सहकारी आणि तो हे दूरचे भाऊबंद असू शकतात, ही शक्यता दोघांनाही तोवर माहीत नव्हती.

अशा वेळी आडनावावर भिस्त ठेवून शोध घेतला असता, तर एका पिढीपाशी लोरांजे संपले असते आणि रिव्हारांच्या गर्दीत नेमका कोणता हे ठरवता आले नसते. त्या काळी एकाच परिसरात त्याच पहिल्या नावाचे तीन-चार रिव्हार एकाच वेळी नांदत होते. निवाडा झाला तो बायकोच्या नावाने. मुलाच्या लग्नात आई म्हणून जी बाई जन्मनावाने नोंदलेली आहे, तिचेच लग्न ज्याच्याशी झाले तोच आपला माणूस, मग त्याचे आडनाव धर्मगुरूंनी काहीही लिहिलेले असो. द्रूअँ संस्थेने १७६० ते १९३५ पर्यंतच्या लग्नांची जी अक्षरानुक्रमे सूची केली, तिच्या दोन मालिका याच कारणासाठी आहेत : एक वराच्या आडनावाने लावलेली आणि दुसरी वधूच्या. अभ्यासक त्यांना चक्क ‘ला मास्क्युलिन’ आणि ‘ला फेमिनिन’ म्हणतात. माझे काम मुख्यतः दुसरीने केले.

त्याच रीतीने वर जात आम्ही रोबेर रिव्हार आणि त्याची बायको मादलेन गिए यांच्यापाशी पोहोचलो. मादलेनची आई जान सँ-पेर आणि निकोला रिव्हारची बायको कातरीन सँ-पेर या बहिणी. म्हणजे थोरल्या भावाने मावशीशी आणि धाकट्याने भाचीशी लग्न केले होते. हे नाते उघडकीला आले तेही दोघींची माहेरची आडनावे नोंदलेली होती म्हणूनच. तुरूव्र गावाचे नाव मी कुलवृत्तांताच्या संपादकांना कळवले. त्यांनी ‘फ्रान्स’ एवढे पुरे होईल का असे विचारले, तर मी नम्रपणे नाही म्हटले. पेर्श हा लहानसा प्रांत, तिथून सतराव्या शतकात अवघी काही शे माणसे आली. तरी क्युबेकमधल्या जवळपास प्रत्येक वंशावळीत त्यांच्यापैकी कोणी ना कोणी असते. १६३४ मध्ये मोर्तान्य येथे, वसाहतीसाठी माणसे जमवणाऱ्या रोबेर जिफारशी करार करून आलेला सुतार झाकारी क्लुतिए हा वंशजांच्या संख्येत अग्रभागी मानला जातो आणि तो आमच्याही तक्त्यात एकापेक्षा अधिक ठिकाणी येऊन बसला आहे. वडिलांकडून आणि आईकडून पूर्वज तेच निघणे इथे अपवाद नाही, नियमच आहे.

इथे थोडे माझ्याविषयी. आमचे लग्न मॉन्ट्रियलमध्ये झाले तेव्हा आडनाव बदलायचे की नाही, असा प्रश्नच आला नाही, कारण १९८१ पासून क्युबेकच्या कायद्यानुसार लग्नानंतर दोघेही आपापले जन्मनावच कायम ठेवतात. गावी एका वहिनींनी याचा अर्थ ‘अजून तिकडचे पक्के ठरले नाही’ असा लावला. १९८१ पूर्वी इथल्या बायकाही समाजात नवऱ्याच्या नावाने ‘मादाम अमुक’ म्हणून वावरत. पण चर्चच्या वहीत, नोटरीच्या करारात आणि थडग्यावर मात्र जन्मनावच असायचे. यामाशिशच्या स्मशानभूमीत आम्ही पाहिलेल्या जुन्या दगडांवर बाईचे स्वतःचे पूर्ण नाव मोठ्या अक्षरात आणि त्याखाली लहान अक्षरात ‘अमक्याची पत्नी’ असे कोरलेले आहे. आमच्या कुलवृत्तांतात मुलगी लग्न होऊन गेली की तिच्यापुढे सासरचे आडनाव लिहून ती ओळ थांबते, तिची मुले त्या ग्रंथाला माहीत नसतात. दोन्ही समाज पितृप्रधान, दोन्हीकडे जमीन मुलांकडे जाणारी. तरी नोंद ठेवण्याच्या एका सवयीमुळे एकीकडे आईची आई अशी वाट तीनशे वर्षे चालत जाता येते आणि दुसरीकडे पणजीचे माहेर विचारले तर घरातले सर्वांत वृद्ध माणूसही बुचकळ्यात पडते. माझ्या मते या तफावतीची चर्चा आपल्या कुलमंडळांनी करायला हरकत नाही.

सासूबाईंनी मग त्यांच्या आईच्या आईची शाखा शोधायला सांगितले आणि खरी कसोटी तिथे लागली. ती पणजी रोड आयलंडमधल्या वुनसॉकेटच्या कापडगिरणीत कामाला होती. १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच कॅनेडियन पोटासाठी सीमा ओलांडून अमेरिकेत गेले आणि लोवेल, मँचेस्टर, वुनसॉकेट यांसारख्या गिरणगावांत त्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. तिथे आडनावांवर वेगळेच संस्कार झाले, काहींचे थेट इंग्रजी भाषांतर झाले : रुआचे किंग झाले, लब्लाँचे व्हाइट, ब्वाव्हेरचे ग्रीनवुड, आणि काहींची नुसती उच्चाराप्रमाणे मोडतोड झाली. शिवाय अमेरिकी रिवाजाप्रमाणे बाईने नवऱ्याचे आडनाव घेतले. डब्यातल्या मृत्युवार्तेच्या कात्रणात आमची पणजी फक्त ‘मिसेस किंग’ होती. तिचे पहिले नावसुद्धा छापलेले नव्हते. सासूबाईंना ती ‘मेमेर’, म्हणजे आजी, म्हणून आठवत होती, त्याचा शोधाला उपयोग नव्हता. तीनशे वर्षे न तुटलेली साखळी अगदी अलीकडच्या कडीपाशी तुटली होती.

ती जोडली गेली वुनसॉकेटमधल्या फ्रेंच भाषकांच्या चर्चमुळे. या स्थलांतरितांनी आपले धर्मगुरू आणि आपली नोंदीची रीत सोबत नेली होती. त्या शहरातच आता असलेल्या अमेरिकन-फ्रेंच जिनिऑलॉजिकल सोसायटीने अशा चर्चमधल्या लग्नांच्या सूच्या तयार केल्या आहेत. किंग तिथे सापडणार नाहीत हे उघड होते, म्हणून रुआ आडनावाखाली पाहिले. रुआ मात्र फ्रेंच कॅनडात भरमसाट आहेत. एकमेकांशी संबंध नसलेल्या कितीतरी मूळ पुरुषांपासून ती घराणी निघाली आहेत आणि त्यांतली काही पुन्हा ‘रुआ दी देजार्दँ’सारखी दुहेरी आहेत. मुलांच्या बाप्तिस्म्याची वर्षे सासूबाईंच्या कागदांवरून माहीत होती, त्यांच्या आधीची लग्ने एकेक करून पडताळली, आणि मुलांच्या बाप्तिस्म्याच्या फ्रेंच नोंदींत आईचे जे जन्मनाव होते तेच एका लग्नात वधूचे म्हणून मिळाले. वधूचे आईवडील क्युबेकमधल्या सेंत-इयासँत भागातले असल्याचेही तिथेच लिहिले होते. सरकारी कागदांत जी मिसेस किंग होती, ती चर्चच्या वहीत स्वतःच्या आडनावाने होती. हे नाव ऐकल्यावर सासूबाई काही वेळ बोलल्या नाहीत आणि मग त्यांनी ते मला कागदावर लिहून द्यायला सांगितले.

पुढची चढण ‘ला फेमिनिन’च्या आधाराने सोपी झाली. आईचे लग्न, तिच्या आईचे लग्न असे करत ही शाखा १६६३ ते १६७३ या दशकात फ्रान्सच्या राजाच्या खर्चाने आलेल्या सुमारे ७७० मुलींपैकी जान नावाच्या एकीपाशी थांबली. इतिहासात त्यांना ‘राजाच्या लेकी’ म्हणतात. त्यांतल्या अनेकजणी पोरक्या होत्या, पुष्कळजणी पॅरिस आणि नॉर्मंडी भागातल्या. वसाहतीत पुरुष जास्त आणि लग्नाच्या वयाच्या मुली अगदी थोड्या, म्हणून त्यांना पाठवण्यात आले होते. आमच्या जानची कहाणी चर्चच्या वहीपेक्षा नोटरीच्या दप्तरात अधिक उलगडते. तिने आल्यानंतर थोड्याच काळात एका पुरुषाशी विवाहकरार केला, तो दोघांच्या संमतीने रद्द केला आणि मग दुसऱ्याशी नवा करार करून लग्न केले. असे करार मोडण्याची उदाहरणे या मुलींमध्ये बरीच आढळतात, म्हणजे त्यांना निदान नकार देण्याची मुभा होती. दुसऱ्या करारात तिने सोबत आणलेल्या सामानाची किंमत, राजाने दिलेले ५० लिव्हर (तेव्हाचे फ्रेंच चलन) आणि पॅरिसच्या रीतीप्रमाणे नवराबायकोच्या सामाईक मालमत्तेची अट नमूद आहे. सही करता येत नाही, असेही. तिच्या आईवडिलांची नावे आणि पॅरिसमधला सँ-स्युल्पीस हा धर्मग्राम त्यात दिलेला आहे.

त्या धर्मग्रामाच्या वह्यांत तिचा बाप्तिस्मा आता सापडणार नाही. १८७१ च्या मे महिन्यात, पॅरिस कम्यून या बंडखोर राजवटीच्या अखेरच्या दिवसांत नगरभवन आणि न्यायमंदिर ही दोन्ही जळाली आणि शहराच्या जुन्या नोंदींची एक प्रत एका इमारतीत, दुसरी दुसऱ्या इमारतीत भस्मसात झाली. दोन प्रती करण्याची १६६७ ची दूरदृष्टी तिथे उपयोगी पडली नाही. मात्र पॅरिसच्या नोटरींची दप्तरे फ्रान्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मोठ्या प्रमाणावर टिकून आहेत आणि जानच्या आईवडिलांनी विवाहकरार केला असेल तर तो तिथे असण्याची शक्यता आहे. त्या दप्तरांच्या सूचीत शोध सुरू केला आहे. वडिलांचे आडनाव फार सर्वसामान्य आहे, म्हणून तो आईच्या आडनावाने चालू आहे.